सगळीकडे सात पॉइंट शून्य

राजकारणावर लिहिणाऱ्या पत्रकाराला दिवाळीत सुकामेवा येतो. सिनेमावर लिहिणाऱ्याला पास येतात. मी पाण्यावर लिहितो. मला बाटल्या येतात!

गढूळ पाण्याच्या, गंज उतरलेल्या, तळाशी अळ्या वळवळणाऱ्या बाटल्या. लोक त्या आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनवर ठेवून जातात. वर एक चिठ्ठी चिकटवलेली असते : 'संपादकांना पाजा.' बाटल्या मी ओतून टाकतो. त्यांच्याबरोबर आलेल्या गोष्टी मात्र साठत जातात. चार मित्र जमले की म्हणतात, "काढ रे एखादी." मी काढतो, ते हसतात. पूर्वी मीही हसायचो.

आज सांगतोय त्यातल्या बहुतेक गोष्टी धायरीच्या एकाच सोसायटीतल्या आहेत. सोसायटीचं नाव सांगणार नाही. नाव छापलं की खुलासा येतो, आणि खुलासे वाचायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

*

आमच्या रविवारच्या पुरवणीत पाण्याविषयीच्या शंकांचं सदर होतं. शंका वाचकांच्या, उत्तरं गायकवाड मॅडमची. मॅडम एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. राहायला विश्रांतवाडीला. फोन उचलून "जय भीम, बोला" म्हणतात, आणि पुढच्या वाक्याला समोरच्याची विकेट काढतात.

पहिल्याच आठवड्यात कोथरूडच्या एका गृहस्थांनी विचारलं : 'आमच्या पाण्याचा पीएच कमी आहे असे समजले. बाजारात पीएच कोठे मिळतो? एका हंड्यास किती चमचे घालावा?'

मॅडमनी उत्तर लिहून दिलं : 'पीएच हा अंगातल्या तापासारखा असतो. ताप मोजतात, चमच्याने घालत नाहीत. पाणी आम्लाकडे झुकलंय की अल्कलीकडे, एवढंच त्यावरून कळतं.'

त्या गृहस्थांचं उलट टपाली पत्र आलं : 'उत्तर समजले. तरी चमचे कळवावेत.'

*

दुसरी शंका बफरची. कुणा विद्यार्थिनीने विचारलं होतं की प्रयोगशाळेत बफर द्रावण म्हणतात ते काय असतं. संपादक म्हणाले, "वाचकांना बफर काय करायचाय? काढून टाका ते."

मॅडम ऑफिसातच बसल्या होत्या. म्हणाल्या, "सर, असं द्रावण, की ज्यात थोडं लिंबू पिळा, थोडा सोडा टाका, त्याचा पीएच जागचा हलत नाही. सात असेल तर सातच राहतो. म्हणून मोजायची यंत्रं त्याच्यावर लावून घेतात. यंत्राला विचारायचं, हे सात आहे, तू किती म्हणतोस?"

"म्हणजे काहीही ओता, ढिम्म हलत नाही?"

"नाही."

संपादक खूश झाले. "अहो, मग 'सरकारी अधिकारी' असं सोपं उदाहरण द्या की!"

मॅडम म्हणाल्या, "नाही देता येणार. बफरला मर्यादा असते. फार ओतलं तर तोही हलतो."

*

मग अल्कलाइन पाण्याची लाट आली. एका वाचकाची शंका : 'अल्कलाइन पाणी प्यायल्याने रक्ताचा पीएच वाढून आयुष्य वाढते का?'

मॅडमनी लिहिलं की रक्तात निसर्गानेच बफर ठेवलेला आहे, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं त्याची राखण करतात, पोटात आधीच आम्ल आहे, तेव्हा ह्या पाण्याने फक्त विकणाऱ्याचं भलं होतं.

शनिवारी संध्याकाळी अल्कलाइन यंत्रवाल्यांची रंगीत जाहिरात आली. पानावर जागा नव्हती. पान लावणाऱ्याने मॅडमचं उत्तर उचललं आणि जाहिरात बसवली. प्रश्न उचलायचा राहून गेला!

रविवारी पुण्याने वाचलं : 'अल्कलाइन पाणी प्यायल्याने रक्ताचा पीएच वाढून आयुष्य वाढते का?' आणि खाली एका हसऱ्या आजोबांचा फोटो, हातात ग्लास, 'आजच बुक करा.'

सोमवारी त्या वाचकाचा फोन आला. "उत्तर अगदी पटलं. यंत्र बुक केलं!"

मी दुरुस्ती छापा म्हणून भांडलो. संपादक म्हणाले, "चूक कुठे आहे? आपण तर काहीच लिहिलेलं नाही."

*

याच सदराच्या नंबरवर एके दिवशी सुषमाताईंचा फोन आला. धायरीतल्या त्या सोसायटीत त्या राहतात. घरात नवरा, जो शाळेची व्हॅन चालवतो, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. मुलगी पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली.

"दादा, माझा प्रश्न छापू नका, नुसतं उत्तर द्या. आमच्या बिल्डिंगमध्ये कावीळ सुरू झालीय. टाकीत टँकरचं पाणी येतं, थोडं विहिरीचं. हे पाणी पल्लवीला द्यायचं की नाही? हो की नाही तेवढं सांगा."

योगायोगाने मॅडम ऑफिसात होत्या, मी फोन त्यांना दिला. मॅडमचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा मऊ झालेला ऐकला. "ताई, सध्या खळखळ उकळूनच द्या. दात घासायलासुद्धा. पाण्यातून होणारी कावीळ गरोदर बाईला फार वाईट. आणि पाणी तपासून घ्या, जंतूंसाठी."

"तपासून घेतलं की कळेल ना नक्की?"

"नीट तपासलं तर कळेल."

ह्या 'नीट'ने पुढे सगळ्यांचा जीव काढला.

*

सुषमाताई सोसायटीचे चेअरमन शेंडे यांच्याकडे गेल्या. शेंडे बँकेतून निवृत्त, बोलणं एकदम गोड.

"वहिनी, पाण्याला काही झालेलं नाही. कावीळ बाहेरच्या खाण्याने होते. ती गेटवरची पाणीपुरी बंद करा आधी! आणि तपासणी-बिपासणी हे शब्द ग्रुपवर टाकू नका. एक बातमी आली ना, तर फ्लॅटचे भाव कुठे जातील माहितीये?"

"माझी मुलगी आठव्या महिन्यात आहे, भाऊ."

"म्हणूनच म्हणतो, पाणीपुरी बंद करा."

सुषमाताई उठल्या. दारातून म्हणाल्या, "पाणीपुरीवाला पाणी कुठून भरतो ठाऊक आहे का तुम्हाला? आपल्याच सोसायटीच्या नळावरून. वॉचमनला विचारा."

शेंडेंनी चौकशी केली. तातडीने कारवाईही केली. पाणीपुरीवाल्याचं पाणी तोडलं!

*

बातमी येणार अशी कुणकुण लागल्यावर कमिटीने क्लोरीनची तपासणी ठेवली. यात काही मोठं शास्त्र नाही. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, जंतू मारायची सोय आहे. पिवळं झालं नाही की नाही.

सगळ्या सोसायटीसमोर, मलाही मुद्दाम बोलावून, थेंब टाकले. पाणी स्वच्छ, नितळ, आरशासारखं.

शेंडे आनंदाने ओरडले, "बघा! जरासुद्धा पिवळं नाही!" टाळ्या पडल्या.

तपासणाऱ्या माणसाने त्यांना बाजूला घेऊन कानात अर्थ सांगितला. शेंडेंचा चेहरा उतरला. ते प्लंबरला घेऊन गच्चीवर गेले. थोड्या वेळाने खाली आले ते हात झटकत. हाताला ब्लीचिंग पावडर. परत नळी भरली. या वेळी पाणी हळदीसारखं पिवळं! पुन्हा टाळ्या. माणसं तीच.

सुषमाताई तेवढ्या टाळ्या न वाजवता उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या नळीत पिवळं झालं की पाणी चांगलं. आमच्या डोळ्यांत पिवळं झालं की आमचं बाहेरचं खाणं."

मी विचारलं, "शेंडे साहेब, हे रोज करणार का?"

"रोज कशाला? आज पाहुणे होते."

*

आता माझा लाडका किस्सा. हा मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगितलेला आहे.

कमिटीने एका खासगी लॅबला बोलावलं. लॅबचे मालक पाटणकर स्वतः आले, टाय लावून. बरोबर पीएच मीटर. मी गायकवाड मॅडमना घेऊन गेलो. विश्रांतवाडीहून धायरीला दोन बस बदलून त्या आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

पाटणकरांनी एक छोटी बाटली काढली. "हे बफर द्रावण, पीएच सात. आधी आपण मीटरची परीक्षा घेऊ." काचेची कांडी बुडवली. आकडा आला सात पॉइंट शून्य. "मीटर अचूक!"

मग टाकीचं पाणी. सात पॉइंट शून्य. विहिरीचं पाणी. सात पॉइंट शून्य. टँकरचं. सात पॉइंट शून्य.

"आदर्श!" पाटणकर म्हणाले. "अशी सोसायटी मी पाहिली नाही."

मॅडमनी हात वर केला. जन्मभर वर्ग घेतलेल्या बाईला हात वर करताना पाहून मला कळलं की आता कुणाची तरी धडगत नाही.

"पाटणकर, चारचा बफर कुठे आहे? मीटर दोन बफरवर तपासतात. एक सात, एक चार. मी पहिल्या वर्षाच्या पोरांनासुद्धा एकावर सोडत नसे."

"चारची बाटली होती, मॅडम. पण तो सगळा लॉटच खराब निघाला. त्यात कांडी बुडवली तरी सातच दाखवायचं. कंपनीला परत केला."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

तेवढ्यात शेंडेंच्या घरून पाहुण्यांसाठी लिंबू सरबत आलं. मॅडमनी स्वतःचा ग्लास उचलला आणि पाटणकरांच्या पुढ्यात ठेवला. "यात बुडवा."

"मॅडम, हे काय..."

"बुडवा हो. सरबत माझं आहे."

बुडवलं. सात पॉइंट शून्य!

मॅडम सगळ्यांकडे वळल्या. "कांडीच्या टोकाला तडा गेलाय. तडा गेलेली कांडी लिंबात घाला, सोड्यात घाला, गटारात घाला, सातच्या आसपासच म्हणते. आणि हे तिला रोज सातच्याच बाटलीत बुडवून विचारतात, 'ठीक आहेस ना?' आणखी एक. मीटर नवं कोरं आणलं तरी पीएचवरून काविळीचे जंतू कळत नाहीत. त्याची तपासणी वेगळी. ती केलीत का?"

पाटणकर म्हणाले, "ती पॅकेजमध्ये नाही."

शेंडे घसा खाकरून उठले. मला वाटलं, माफी मागणार. ते म्हणाले, "म्हणजे थोडक्यात, पाणीही सात आहे आणि सरबतही सात आहे. दोन्ही पिण्यायोग्य आहेत. आभार!"

लोक सरबत पिऊन घरी गेले.

*

मॅडमनी मग स्वतःच निर्जंतुक बाटलीत नमुना घेतला. बर्फात ठेवून एका जुन्या विद्यार्थ्याच्या लॅबमध्ये नेला. निकाल आला : पाण्यात मैल्याचे जंतू. विहिरीत कुठून तरी ड्रेनेज पाझरत होतं.

मी बातमी लिहिली. सोसायटीच्या नावासकट लिहिली. संपादकांनी नाव काढलं. "त्या सोसायटीच्या बिल्डरची जाहिरात चालू आहे." छापून आलं : 'धायरीतील एका सोसायटीत दूषित पाणी.'

सकाळपासून फोन सुरू. धायरीतल्या झाडून सगळ्या सोसायट्यांचे चेअरमन! "ती सोसायटी आमची नाही असं उद्या छापा." "आमच्या इथे भाडेकरू घाबरलेत." "आमची बदनामी झालीय, कोर्टात खेचू." मी दुपारपर्यंत उत्तरं देत बसलो.

फक्त शेंडेंचा फोन आला नाही.

पाण्याच्या खात्यातल्या एका साहेबांना मी निकाल पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं. विहीर खासगी, टँकर खासगी, टाकी खासगी, तेव्हा खात्याचा संबंध नाही. मी फोन करून विचारलं, "आणि कावीळ, साहेब?"

"तीही खासगीच म्हणायची," म्हणाले.

*

सुषमाताईंना 'नाही' हे उत्तर मिळालं, तेही एकदाचं नक्की. आता प्रश्न पल्लवीचा. तिचं सासर गुलटेकडीला, सासऱ्यांचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा. सुषमाताईंनी मुलीची बॅग भरली आणि नवव्या महिन्यात तिला सासरी परत नेऊन सोडलं.

पहिलं बाळंतपण, आणि मुलगी माहेराहून परत! विहीणबाई दारातच गोंधळल्या. "अहो ताई, आमच्याकडून काही चुकलं का? आमच्या मुलाचं काही बोलणं झालं का? लोक काय म्हणतील?"

"कुणाचं काही चुकलेलं नाही. लोकांना सांगा, हिच्या माहेरी पाणी नाही."

"पाणी नाही? धायरीत? परवा तर पेपरात फोटो होता, टँकरची रांग होती."

"त्यालाच 'पाणी नाही' म्हणतेय मी."

विहीणबाई समजूतदार. म्हणाल्या, "मग तुम्हीपण राहा इथेच. लेकीजवळ आई हवी."

सुषमाताईंना हेच हवं होतं. पण सासूबाईंना कूस बदलायलासुद्धा माणूस लागतो. त्या त्याच संध्याकाळी धायरीला परतल्या. पल्लवीला म्हणाल्या, "कळा सुरू झाल्या की फोन कर. कुठेही असले तरी येते."

जाताना जिन्यात मला फोन केला होता. "दादा, आईने मुलीला बाळंतपणासाठी माहेरातून हाकलली असं कुठे ऐकलंय का तुम्ही? छापा की हे. नावासकट छापा."

मी लिहिलं. संपादक म्हणाले, "ही बातमी नाही. ही कौटुंबिक बाब आहे."

*

पल्लवीला मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप. सुषमाताईंच्या नवऱ्याने फोन केला, पेढ्यांसाठी घरी बोलावलं. मी आणि मॅडम गेलो.

दार नवऱ्यानेच उघडलं. आवाज खाली होता. "आत या. पण पल्लवीला काही बोलू नका. तिला माहीत नाही."

सुषमाताई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा ओढलेला, नखं पिवळी, डोळे हळदीसारखे. कावीळ. रिपोर्ट आला होता. घरातल्या सगळ्यांसाठी पाणी उकळणारी बाई. पण सासूबाईंना आंघोळ घालताना, भांडी विसळताना, घाईत एखादा घोट. कुठे काय गेलं कोण सांगणार?

कळा सुरू झाल्या तेव्हा फोन आला होता. त्या गेल्या नव्हत्या.

"तिला सांगितलं तर ओल्या अंगाने पळत येईल ती, या घरात," सुषमाताई म्हणाल्या. "तेवढ्यासाठी का तिला पाठवली?"

आयुष्यभर दुसऱ्याच्या वाक्याला वाक्य लावणाऱ्या मॅडम पेढा हातात धरून बसून राहिल्या.

तेवढ्यात मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल. पल्लवीचा.

सुषमाताई लगबगीने सरळ झाल्या. केसांवरून हात फिरवला. नवऱ्याला खूण केली. त्याने सासूबाईंच्या कपाटातून काळा चष्मा काढून दिला, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तो, बाजूंनीही बंद असलेला. तो डोळ्यांवर चढवला आणि मग कॉल घेतला.

"आई! अगं, घरात कसला गॉगल?"

"सांगितलं ना, डोळे आलेत. साथ आहे इकडे. म्हणून तर येत नाही, बाळाला लागायचे."

"अजून बरे नाही झाले? किती दिवस झाले!"

"होतील की. तू त्याला दाखव आधी. असं काय धरलंयस, मान सांभाळ!"

पल्लवीने मोबाइल बाळावर धरला. बाळ जागं होतं. पडदाभर फक्त त्याचा चेहरा.

"सगळे म्हणतात डोळे अगदी तुझ्यावर गेलेत," पल्लवी म्हणाली. "आई, एक मिनिट चष्मा काढ ना. मला शेजारी शेजारी बघायचंय."

सुषमाताईंनी मोबाइल चेहऱ्याजवळ नेला, चष्मा नाकावर आणखी वर सरकवला आणि म्हणाल्या,

"बघायचंय काय त्यात? माझेच आहेत!"